दुसरा सेन्सर

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक काकू राहतात. एका रविवारी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवारी पावणेदोनला आलास ना रे? जेवला तरी होतास का?" आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून जास्त लाजल्यासारखं झालं. त्या काही माझी वाट बघत बसल्या नव्हत्या. माझ्या गाडीने त्यांना उठवलं होतं.

गाडी म्हणजे सेकंडहँड पोलो जीटी, बाराशे सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घेतली आणि सहा महिन्यांत तिचा मागचा सायलेन्सर बदलला. ज्यांना हा नाद नाही त्यांना तो समजावणं कठीण आहे, पण प्रयत्न करतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे २४०० आरपीएमला सेकंदाला ऐंशी. कंपनीचा सायलेन्सर हे ठोके वेगवेगळ्या कप्प्यांतून फिरवून एकमेकांवर आपटवतो आणि विझवतो. आफ्टरमार्केट सायलेन्सर बहुतेक वेळा सरळ आरपार पाइप असतो, भोकं पाडलेला, भोवती काचेची लोकर. त्यामुळे ठोके उरतात. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की यंत्र उत्तर देतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला असं काहीतरी ताबडतोब उत्तर देणारं हवं असतं. निदान मला हवं होतं.

पण रहिवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. काकूंच्या खिडकीखाली माझी गाडी त्याच्या आसपासही नसणार. मित्र म्हणाला, गणपतीत ढोल चालतात ना? चालतात; पण ढोल कधी थांबणार हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. माझं तसं काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी कंपनीचा डबा परत बसवला.

इथवरची गोष्ट सोपी आहे. त्रास झाला, तो कानावर आला, मी थांबलो. नंतर जे केलं त्याबद्दल मला लिहायचंय.

नाद जात नसतो, तो फक्त जागा बदलतो. गॅरेजवाल्याने सुचवलं, "दादा, मागचं राहू द्या, डाउनपाइप करू. मागचा डबा कंपनीचाच असल्यावर बाहेर फार आवाज नाही. कोणाला कळणार पण नाही." हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. काकूंची झोप शाबूत आणि गाडीला ताकदही. मी स्वतःला चांगला शेजारी समजू लागलो होतो.

डाउनपाइप म्हणजे टर्बोमधून बाहेर पडलेला धूर पहिल्यांदा ज्या नळीत जातो ती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिच्यातच असतो. आत सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर. अर्धवट जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिथून जाताना त्यांचं बरंचसं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन होतं. चांगला तापलेला कॅट यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग साफ करतो. पण जाळं म्हटलं की अडथळा आला. पर्याय दोन होते. विरळ जाळीचा स्पोर्ट्स कॅट, नाहीतर रिकामा पाइप. पहिल्याची किंमत जवळपास दुप्पट. मी रिकामा घेतला.

बसवायला अख्खी दुपार गेली. गाडी लिफ्टवर, हीटशील्ड काढलं, गंजलेल्या नटांवर तेल मारून वाट बघितली, तरी एक स्टड तुटलाच. जुन्या पाइपवरचे दोन ऑक्सिजन सेन्सर काढून नव्यावर लावले. पहिला सेन्सर इंजिनला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांभाळायला मदत करतो. दुसरा कॅटच्या पुढे असतो. कॅट आपलं काम करतोय की नाही हे बघणं ही त्याची मुख्य नोकरी. करत नसेल तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पी-०४२० हा कोड दिसतो. ट्यूनरने लॅपटॉप बंद करता करता सांगितलं, "ते ०४२० बंद करून टाकलंय."

मी सॉफ्टवेअर लिहितो. वॉर्निंग बंद करणं मला नवीन नाही. रिलीजच्या आदल्या रात्री रिकामा कॅच ब्लॉक कोणी लिहिला नाही? पण खोटी वॉर्निंग बंद करणं वेगळं आणि ती खरी आहे म्हणून बंद करणं वेगळं. दुसरा सेन्सर बिघडलेला नव्हता. तो बरोबर बोलणार होता, म्हणून त्याचं तोंड आधीच बांधलं.

माझ्या गाडीवर ज्या कंपनीचा लोगो आहे तिनेच हे फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं, हा विनोद माझ्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर आपली तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी ठेवायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. जेम्स लिआंग या त्यांच्या इंजिनिअरला २०१७मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. ती बातमी मी कॉलेजात असताना चहाच्या टपरीवर कडकडून चर्चिली होती. आम्ही सगळे अर्थातच लिआंगच्या विरुद्ध बाजूला होतो.

माझं प्रकरण त्यापुढे क्षुल्लक, असं मी स्वतःला सांगत होतो. एक गाडी. बाजूने डंपर काळा धूर सोडत जातोय, आणि माझ्या एका पाइपने या शहराच्या हवेत काय फरक पडणार? हा युक्तिवाद इतका पटण्यासारखा आहे की तत्त्वज्ञांनाही त्याच्याशी झटापट करावी लागली. डेरेक पार्फिटने १९८४ सालच्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये हजार छळकर्त्यांचं उदाहरण दिलंय. हजार कैदी, हजार छळकर्ते. प्रत्येक छळकर्ता एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की कैद्यालाही ती वाढ जाणवत नाही. सगळ्यांनी बटण दाबून झालं की हजारही कैदी असह्य वेदनेत असतात. आणि प्रत्येक छळकर्ता म्हणू शकतो, मी कोणाचंच दुखणं जाणवेल इतकं वाढवलं नाही. पार्फिटच्या मते ही पळवाट चालत नाही. आपण सगळे मिळून काय करतोय, हेही विचारावं लागतं.

मला यात एक फट दिसली होती. त्याच्या गोष्टीत सगळेच बटण दाबतात. इथे बहुतेक पेट्रोल गाड्यांचे कॅट जागेवर आहेत. मग मी 'सगळ्यांत' कुठे बसतो? यावर जितका विचार केला तितका मी आणखी वाईट दिसायला लागलो. हवेत जे थोडंफार श्वास घेण्याजोगं उरलंय ते या बहुतेकांच्या कॅटमुळे. त्यांनी ते न काढल्यामुळेच माझं काढणं क्षुल्लक ठरत होतं. मी त्यांच्या जिवावर फुकटात वेगवान झालो होतो.

पीयूसीही मिळाली. सेंटरवरच्या मुलाने मशीनची सळई टेलपाइपमध्ये धड आत घातली नाही. मला दिसलं. मी बोललो नाही. तशीही ती तपासणी पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना विचारतच नाही.

टर्बो गाडी सकाळी लगेच पळवू नये, म्हणून मी बेसमेंटमध्ये दोन-तीन मिनिटं ती सुरू ठेवायचो. इंजिनवरची माया. रॅम्पच्या खाली, माझ्या पार्किंगपासून चार खांब पलीकडे, आमचे वॉचमनकाका खुर्ची टाकून बसतात. एक दिवस खुर्ची रॅम्पच्या दुसऱ्या टोकाला दिसली, जिथे पावसाचं पाणी गळतं.

"काका, इकडे का बसलात?"

"तिकडं सकाळच्या टायमाला डोळं चुरचुरत्यात, साहेब."

"माझ्या गाडीमुळे का?"

"तसं नाय. सगळ्यांच्याच गाड्या हायेत की."

थंड असताना कॅटही नीट काम करत नाही, हे खरंय. पण तो टर्बोला चिकटून असल्यामुळे लवकर तापतो. माझ्या पाइपात तापायला काही नव्हतंच. आणि मी इतके महिने माझा धूर शहरभरच्या माणसांनी भागत होतो. बेसमेंटमध्ये भागायला एकच माणूस होता. पार्फिटपर्यंत जायची गरजच नव्हती. काकू मला हटकू शकतात, कारण त्या फ्लॅटच्या मालक आहेत आणि मी त्यांना रे-तुरेतला. काका खुर्ची हलवतात. 'कोणाला कळणार नाही' याचा अर्थ बऱ्याचदा, ज्याला कळतं तो बोलणार नाही, एवढाच असतो.

जुना कॅट माळ्यावर गोणपाटात होता. परत बसवायला पुन्हा एक दुपार, एक नवा गॅस्केट आणि मजुरी. ट्यूनरला म्हटलं, मूळ फाइल टाक, ०४२० चालू कर. तो हसला. "चालू करून घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच." गाडी थोडी मंदावलीय, हे मला जाणवतं. अजून कोणाला जाणवत नसावं.

याला तीन आठवडे झाले. पिवळा दिवा लागलेला नाही. खुर्ची अजून गळक्या बाजूलाच आहे. परत सरकवा, असं काकांना सांगायला मी दोनदा तिथपर्यंत गेलो आणि पावसाबद्दल बोलून परत आलो.