तळहात उघडा ठेवून

बसा.

बेंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडांच्या बुरुजाखाली जो मोठा उघडा खडक आहे, त्याच्या उतारावर बसा. या शहरात राहत असाल तर खरोखरच जा. दुसरीकडे कुठे असाल तर आहात तिथेच बसा, आणि तो खडक अंगाखाली आहे असं धरून चला.

सकाळ आहे. दगड अजून गार आहे.

हा खडक साधारण 300 कोटी वर्षांचा. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तो जपून ठेवला आहे. त्याच्यावर बसलेल्या माणसाने पाच-दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

मांडी घाला, नाहीतर पाय लांब सोडा. खांदे सैल सोडा.

आता उजवा हात मांडीवर ठेवा. तळवा वर. बोटं मोकळी.

त्याच्याकडे बघा.

फक्त हात बघा. आज दुसरं काहीच बघायचं नाही.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

या हाताला कितीतरी गोष्टी तुम्हाला न विचारता करता येतात.

कुणाचा हात बोलता बोलता डबी काढतो. डाव्या तळव्यावर तंबाखूची चिमूट येते, नखावर मावेल एवढा चुना येतो, आणि उजवा अंगठा मळायला लागतो. दोन थापट्या. भुकटी उडते. बार ओठाआड जातो. बोलणं मध्ये कुठेही थांबलेलं नसतं.

कुणी ऑफिसमधून खाली उतरतं. कोपऱ्यावर काँडिमेंट्सचं दुकान. बाय-टू चहाचा अर्धा पेला एका हातात आला, की दुसरा हात आपोआप सिगारेटसाठी पुढे होतो.

गावाकडे कुणाच्या आईचं बोट अजूनही सकाळी उठल्याबरोबर मिश्रीच्या डबीत जातं.

कुणाचा हात अंधारात, डोळे नीट उघडायच्या आत, उशीजवळचा मोबाइल शोधतो.

ज्याचा हात, त्यालाच ठाऊक.

तुमचा हात कुठे जातो, ते आठवा. ती जागा आठवा. ती वेळ आठवा.

आणि बघत राहा.

त्याच्यावर रागावू नका. हाताने जे केलं ते शिकून केलं.

धूर आत घेतला की निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. इतक्या चटकन मिळालेलं सुख मेंदू विसरत नाही. त्या क्षणी शेजारी जे जे असतं, ते ते तो त्या सुखाशी बांधून ठेवतो. चहाचा वास. जेवणानंतरचं आळसावणं. साहेबांचा फोन. सिल्क बोर्डाच्या चौकात अडकून पडलेली गाडी.

मग रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि आतून पुन्हा हाक येते.

असे हात पुष्कळ आहेत. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीत 26.7 कोटी प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. या क्षणी तुमच्यासारखीच कितीतरी माणसं आपल्या हाताशी झगडत आहेत.

तुम्ही झगडू नका. बसा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता तल्लफ येईल. येऊ द्या.

ती कुठे येते, ते बघा. जिभेच्या मुळाशी? जबड्यात? घशात कोरड पडते? छातीच्या मधोमध काही ओढल्यासारखं होतं? बोटांची टोकं शिवशिवतात?

जागा सापडली की तिथेच थांबा.

तिचं वर्णन मनातल्या मनात, अगदी साध्या शब्दांत करा. गरम आहे. घट्ट आहे. आता वर सरकतंय. आता जरा ओसरतंय.

बस. एवढंच.

ॲलन मार्लाट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर व्यसन आणि ते सुटल्यानंतरचं घसरणं या विषयावर काम करत राहिले. तल्लफ लाटेसारखी असते, असं ते सांगत. ती उठते, चढते, माथ्यावर येते आणि उतरते. तिला थोपवायला गेलं तर ती अंगावर येते. तिच्याबरोबर वर जायचं आणि तिच्याबरोबरच खाली यायचं.

बेंगळुरूला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून 900 मीटर उंचावरचं हे पठार. इथे आपल्याला खडक आहे. खडकावर बसूनही ही लाट बघता येते.

बहुतेक वेळा तिचा जोर काही मिनिटांतच उतरतो. आपण ते कधी पाहिलेलं नसतं, कारण त्याआधीच आपण हात पुढे केलेला असतो.

आज बघा. तिचा शेवट बघा.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

एक करून बघा. हाताची मूठ वळा. घट्ट. आणखी घट्ट. नखं तळव्यात रुततील इतकी.

तशीच धरून ठेवा.

मनगट भरून येतं. दंड थरथरायला लागतो. दात आपोआप आवळले जातात. सगळं लक्ष त्या एका मुठीत जाऊन बसतं.

दिवसभर कुणाला अशी मूठ धरून ठेवता येईल?

‘आजपासून बंद, काही झालं तरी बंद’ असं दात-ओठ खाऊन ठरवलं की आत हेच होतं. संध्याकाळपर्यंत मूठ थकते. थकलेली मूठ उघडते ती थेट खिशापाशी.

आता हळूहळू उघडा. करंगळी. अनामिका. मधलं बोट. तर्जनी. अंगठा.

तळव्यावर नखांच्या खुणा दिसतील. त्या हळूहळू पुसट होताना बघा.

हात उघडा आहे. तल्लफही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

हे अनुभवा. पुन्हा अनुभवा.

याच दगडापासून थोड्या अंतरावर, होसूर रस्त्यावर, निम्हान्स आहे. जुनं मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था 1974 साली एकत्र होऊन ही संस्था उभी राहिली. तिथे व्यसनमुक्तीसाठी वेगळं केंद्र आहे. मोबाइल आणि इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक आहे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी फोनवर बोलणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचं एक केंद्रही तिथे चालतं.

1 सप्टेंबर 2018 पासून सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांवर त्या क्विटलाइनचा नंबर छापून येऊ लागला. 1800-11-2356. फोनला पैसे पडत नाहीत.

पाकीट हातात असतं, तेव्हा तो नंबरही हातातच असतो.

तल्लफ आली की काय करायचं, याच्या चार साध्या गोष्टी समुपदेशक सांगत आले आहेत. थोडं थांबा. खोल श्वास घ्या. घोट घोट पाणी प्या. हाताला दुसरं काम द्या.

आत्ता पहिल्या दोन गोष्टी तुम्ही करत आहात.

आणखी थोडं थांबा.

शरीर आत काय करतंय, तिकडे कान द्या. शेवटची सिगारेट विझल्यानंतर 20 मिनिटांत हृदयाची गती उतरायला लागते. 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. शरीर तुमच्या निर्धाराची परीक्षा घेत बसत नाही. सवड मिळाली की लगेच कामाला लागतं.

डावा हात छातीवर ठेवा. ठोके मोजू नका. नुसते ऐका.

एखाद्याची तल्लफ दारूची असेल, आणि रोजची असेल, तर त्याने एकट्याने एकदम थांबवू नये. अशा वेळी शरीराला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांकडे जावं. तेही स्वतःला सांभाळणंच आहे.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता मनात एक भीती डोकावेल. आज जमलं, उद्या मोडलं तर?

तिलाही बसू द्या शेजारी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांचा अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने रोज करायची एक साधी गोष्ट निवडली होती. दुपारच्या जेवणाबरोबर फळ, जेवणाआधी थोडं पळणं, असं काही. ती अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ निघाला 66 दिवसांचा. पण कुणाला 18 दिवस पुरतील, तर कुणाला 254 लागतील, इतका फरक होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय रुजायला त्याने फारसं बिघडलं नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. एखादा दिवस चुकला, तरी फारसं बिघडलं नाही.

खांदे पुन्हा वर चढले असतील. सोडा.

जबडा सोडा.

हाताकडे बघा. तो अजून उघडाच आहे.

आता एक छोटी तयारी करू. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलेली ही साधी युक्ती आहे. ‘मी सोडणार’ एवढंच म्हणण्यापेक्षा ‘जर असं झालं, तर मी असं करीन’ हे आधीच ठरवून ठेवलं, तर त्या क्षणी ते घडण्याची शक्यता वाढते. नेमका प्रसंग, आणि नेमकी कृती. मग ऐन वेळी मनाशी वाद घालत बसावं लागत नाही.

मघाशी आठवलेली जागा पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ती वेळ आणा. टपरी, पायरी, उशी, जे असेल ते.

हात कुठे निघाला आहे, ते बघा.

त्याला दुसरी वाट दाखवा.

जर चहा हातात आला, तर मी पेला सिगारेट धरतो त्याच हातात धरीन, आणि दुकानापासून दहा पावलं लांब जाऊन पिईन.

जर जेवण झालं, तर मी डबीऐवजी चिमूटभर बडीशेप घेईन.

जर जाग आली, तर मी मोबाइलआधी खिडकी उघडीन.

ही वाक्यं नमुन्यादाखल. तुमचं तुम्ही बनवा. ज्या भाषेत तुम्ही स्वतःशी बोलता, त्याच भाषेत. एकच वाक्य पुरे आहे.

ते ओठांवर आणा. सावकाश म्हणा.

पुन्हा एकदा म्हणा.

म्हणताना हात उघडाच राहू द्या.

मग उठा, आणि ते वाक्य आज घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला सांगा. सांगायला कुणीच नसेल, तर पाकिटावरचा नंबर लावा आणि तिथे सांगा. संध्याकाळच्या चहाला वापरून बघा. चुकलं, तर उद्याच्या चहाला पुन्हा.