संकराची दिशा

संकर म्हणजे अधर्म, असं आमच्या माणदेशात अजूनही ठासून सांगतात. सांगणारे खिलार जिवापाड सांभाळणारे असतात, म्हणून मी सहसा वाद घालत नाही. पण गुरांच्या दवाखान्यात उभी हयात गेलेल्या माणसापुढं गीतेच्या पहिल्या अध्यायातली अर्जुनाची वर्णसंकराची भीती गोठ्यात आणून बांधली, की राहवत नाही.

गुरांची शुद्ध जात बरीचशी वहीत असते, आणि वहीही फार जुनी नाही. इंग्लंडात शॉर्टहॉर्नच्या वंशावळीची पहिली वही छापली १८२२ साली. त्याआधी, १८१० मध्ये, त्याच वंशातला कॉमेट हा वळू हजार गिनींना विकला गेला; जवळच्या नात्यातल्या जोड्या लावून घडवलेला. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं की पहिला फटका बसतो प्रजननाला. गाई उलटतात, वासरं अशक्त निपजतात. मांसाच्या गुरांत दुसरं रक्त आलं, तर संकरित गाय वेळेवर गाभण राहते आणि वासरंही जास्त जगवते. अधर्माला असं फळ?

स्मृतिकारांनी मात्र संकरात दिशा पाहिली: बाप वरच्या कुळाचा तर अनुलोम, आई वरच्या कुळाची तर प्रतिलोम. अमेरिकेतल्या ब्रह्मन गुरांत, म्हणजे आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलच्या वंशात, दिशा खरोखर पाहावी लागते. ब्रह्मन वळू आणि हेरफर्ड गाय, तर वासरू जड होतं, गाय अडण्याची भीती वाढते. जोडी उलटी करा, आई ब्रह्मन असू द्या. वासरू हलकं, गाय सहसा सुखानं विते. दोन्हीकडं रक्त निम्मं-निम्मंच. पण ब्रह्मन आई पोटातल्या वासराला आपल्या बेतानंच वाढू देते. स्मृतिकारांनी दिशा तोलली कुळाच्या उच्चनीचतेवर. गर्भाशयाला ती उच्चनीचता कळत नाही.

आता शुद्धतेचं टोक पाहा. बेल्जियन ब्ल्यू गुरांत स्नायूंना लगाम घालणारं मायोस्टॅटिनच निकामी, म्हणून मांस ठासून भरलेलं. शुद्ध जातीतल्या दहातल्या नऊहून अधिक गाई डाव्या कुशीला चीर देऊन सोडवतात. गाय उभी, भूल जागेपुरती, वासरू धडधाकट, जखम भरून येते. पशुवैद्य म्हणून मला त्यात खोट काढता येत नाही. तरी अडलेल्या गाईला सोडवणं वेगळं आणि अडणारच अशी गाय मुद्दाम घडवणं वेगळं. कर्मसिद्धान्त भोग ज्याचा त्याच्या पदरी बांधतो; ही जोडी तर तिनं निवडलेली नाही. वही राखणाऱ्यानं निवडली, आणि जाड मांडीला जादा पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकानं.

आमच्याकडं गोष्ट मांसाची नाही, दुधाची आहे. लहान चणीच्या गावठी कालवडीला पहिल्याच वेताला होल्स्टीनच्या रेताची कांडी मागतात. वासरू हलकं व्हावं म्हणून मी जर्सीची भरतो. मालक कुरकुरतो, ‘‘डॉक्टर, दूध कमी पडंल की!’’

पडतं थोडं, हे खरंच आहे.