एका शेअरचा कर

अण्णा आयकर खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण व्होडाफोनचं नाव निघालं की अजून चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत बसतात.

"एक शेअर," ते म्हणाले. "2007 साली केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर हचिसन कंपनीनं व्होडाफोनला विकला. व्यवहार सुमारे 11 अब्ज डॉलरचा. एवढे पैसे कशाचे? इथल्या मोबाइल कंपनीचे, इथल्या ग्राहकांचे. आणि कर? तो इथे द्यायचा नाही!"

"मुंबई उच्च न्यायालयानं 2010 मध्ये खात्याच्या बाजूनं निकाल दिला होता," मी म्हटलं. " 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. तिथं विषय मिटायला हवा होता. तुम्ही कायदाच बदललात, तोही 1962 पासून लागू!"

"फट होती, बुजवली."

"बुजवा की. पण फटीतून आधीच निघून गेलेल्याला मागे बोलावून वसुली?"

अण्णांनी यावर उत्तर दिलं नाही. वकिलीत मी एवढं शिकले आहे, की समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं नसतं.

"बरं," ते जरा वेळानं म्हणाले. "पण 2020 मध्ये परदेशातल्या तीन पंचांच्या लवादानं आपल्या संसदेच्या कायद्यानुसारची करमागणी खोडावी? त्यांना कुणी निवडून दिलं होतं?"

"व्होडाफोन ज्याच्या आधारे लवादाकडे गेली, त्या नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक करारावर सही आपलीच होती, अण्णा. देशांच्या वरचा कायदा आधीपासून आहेच. फक्त तो एका बाजूचा आहे. गुंतवणूकदार देशाला लवादापुढे खेचू शकतो. पण खाणीतला नफा कागदोपत्री कुठल्याशा बेटावर गेला, तर झांबियासारख्या देशानं दाद कुठे मागायची?"

"बड्या जागतिक कंपन्यांवर 15 टक्के किमान कर ठरलाय ना?"

"2021 मध्ये. श्रीमंत देशांच्या ओईसीडीच्या छत्राखाली. केनिया आणि नायजेरियानं तेव्हा मान्यता दिली नाही. मग आफ्रिकी देशांनीच 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठराव आणला, की कराचे नियम इथे ठरवू. प्रत्येक देशाला एक मत. 125 देश बाजूनं, 48 विरोधात."

"म्हणजे तुला जगाचं कर-न्यायालय हवंय."

"हवंय. पण ते आलं, तर पूर्वलक्षी वसुली करणाऱ्या सरकारचा हातही धरेल. चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "कर लावायचं सोडलं तर सरकारकडे उरतं काय? शाळा, दवाखाने, सगळं त्यावरच चालतं." मग जरा थांबून, "त्या एका शेअरवर कर मिळणार असेल, तर मात्र चालेल. पण पीठावर कोण बसणार, ते आधी सांग."

सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं: 2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या या कर-कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि अमेरिका बैठकीतून उठून गेली.