कालचं निर्माल्य



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातला 46 वा श्लोक. आपापल्या कामाने त्याची पूजा करणाऱ्याला सिद्धी मिळते, असा साधा अर्थ. ज्ञानेश्वरीत माउलींनी इथे स्वकर्माला फुलांची उपमा दिली आहे. वाचताना या वेळी एक शंका मनात अडकली. कुणी कालचंच निर्माल्य पाणी मारून पुन्हा वाहिलं, तर? आणि ज्याने ताज्या फुलांचे पैसे मोजले, त्याने देवाकडे बघून गप्प बसायचं का?

शंका हवेतून आलेली नाही. आमच्याकडे अण्णांची 1986 ची पद्मिनी आहे. प्रीमियर कंपनी 1944 साली वालचंद हिराचंदांनी काढली. ते जन्माने सोलापूरचे आणि त्यांचं वालचंदनगर आमच्या माळशिरस तालुक्यापासून नीरेपलीकडे, त्यामुळे अण्णांना ही गाडी गावकीतलीच वाटते. ज्ञानोबांची पालखी माळशिरसला मुक्कामी आली की वारकऱ्यांसाठी केळी आणि पाण्याचे कॅन याच गाडीतून जायचे. इंजिन थकलं तसं ते बंद झालं.

जुन्या गाड्यांची इंजिनं बांधून देणाऱ्या बाहेरगावच्या एका नावाजलेल्या कारागिराकडे काम दिलं. 85,000 रुपये ठरले, सगळे आधी घेतले. तीन महिने म्हणाला, अकरा लागले. उशिराचं मला फार वाटलं नाही. सॉफ्टवेअरवाल्याने तारखांवरून कुणाला बोलू नये! पण गाडी जेमतेम 600 किलोमीटर चालली आणि मागून निळा धूर. इथल्या मेकॅनिकने हेड उतरवलं. बिलावर लिहिलं होतं, ‘चारही सिलिंडर वीस थाऊ बोअर, नवे ओव्हरसाइझ पिस्टन’. असा पिस्टन असला की त्याच्या डोक्यावर साइजचा आकडा असतो. आत निघाले जुनेच पिस्टन, घासून चकचकीत केलेले, फक्त रिंगा नव्या. सिलिंडर झिजून लंबगोल झालेला. त्यात नवी रिंग गोल बसणार कशी? ऑइल वर चढणार आणि जळणार.

फोन केला तर म्हणाला, ‘जुनी गाडी आहे साहेब, आपल्या हातात कर्म, फळ देवाच्या हातात.’

इथे मी खरा चिडलो. दुसऱ्या अध्यायातला तो उपदेश अर्जुनाला आहे, म्हणजे करणाऱ्याला. फळावर डोळा ठेवू नको, ही अट काम करणाऱ्याने स्वतःला घालायची असते. पैसे देणाऱ्याला ती ऐकवायची नसते. याने तर फळ कामाच्या आधीच रोख मोजून घेतलं होतं! राहिलं होतं ते फक्त कर्म.

आपल्या पंढरपूरच्या नरहरी सोनारांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा कमरपट्टा सांगितला. तो एकदा आखूड झाला, एकदा सैल. शेवटी महाराज डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले आणि हरी-हर एकच असल्याचा अनुभव आला. कीर्तनात आपण या शेवटावर रमतो. मला या वेळी त्याच्या अलीकडचा भाग दिसला. माल परत आला तेव्हा सोनार असं म्हणाला नाही की देवाची कंबर देवाच्या हातात. त्याने पुन्हा माप घेतलं. आणि सावकारानेही ‘असू दे, देवाचंच आहे’ म्हणून आखूड पट्टा चालवून घेतला नाही. दोघांपैकी एकानेही ढिलाई केली असती, तर नरहरी देवळाच्या पायरीपर्यंत पोचलेच नसते.

अण्णांचं मत वेगळं आहे. ‘सोड रे, माउली बघतील. माणसाच्या मागं लागून आपलंच नाम चुकतं.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आठवडाभर हरिपाठ म्हणतानाही मी मनात त्या माणसाशी भांडतच होतो. हा राग मला सोडायलाच हवा, ते माझं काम. पण राग सोडणं आणि हिशेब सोडणं या दोन गोष्टी आहेत, असं मी अण्णांना म्हटलं. हेड बंद असलं की आत काय आहे ते गिऱ्हाईक बघू शकत नाही. माझा कोडही कुणी उघडून बघत नाही. असल्या धंद्यात विश्वास हेच भांडवल, आणि ते एकट्या त्याचं नाही. उद्या दुसऱ्या कुणाचे अण्णा त्याच्याकडे गाडी घेऊन जातील. माझ्या गप्प बसण्याची किंमत त्यांनी का मोजावी?

अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

मी पत्र पाठवलंय. बिलाची प्रत, पिस्टनचे फोटो, आणि न केलेल्या कामाचे तेवढे पैसे परत मागितलेत. शिवी नाही, टोमणा नाही. दोनदा लिहून फाडलं, तिसऱ्यांदा जमलं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. कायद्याने त्याला दोन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. ब्लॉक बोअरिंगला गेलाय. अण्णांनी काल कॅन धुऊन उन्हात ठेवले.