संचितावरचा प्रवास

यंत्राचे काही दोष असे असतात की ते घडले त्याच क्षणी यंत्र थांबते. साखळी तुटली, चाकातली हवा गेली, पेट्रोल संपले, म्हणजे मोटारसायकल जागच्या जागी उभी राहते आणि पुढे जावे की न जावे हा प्रश्न स्वारापुढे उरतच नाही. परंतु एक दोष याहून निराळा आहे. चार्जिंग बंद पडले तरी गाडी चालूच राहते. आवाज तोच, वेग तोच, दिवाही काही काळ तेवढाच प्रखर. बंद पडलेली असते ती मिळकत. खर्च मात्र पूर्ववत चालू असतो. अशा गाडीवरून जाण्याचा अधिकार मनुष्याला कितपत आहे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मलाही एका श्रावणातल्या रात्रीपर्यंत तो तसाच वाटत होता.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, मुरगाव तालुक्यातील वास्को शहरात श्री दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो, हे वाचकांना सांगावयास नकोच. त्या सप्ताहासाठी मी पेडण्याहून मोटारसायकलने निघालो होतो. मागे शेजाऱ्यांचा मुलगा होता. कॉलेजात शिकणारा, भजनाची गोडी असलेला. कुठ्ठाळीला चहासाठी थांबलो आणि पुन्हा निघताना बटणाने गाडी सुरू होईना, किकने झाली. मुलगा पानाच्या गादीकडे गेला होता, तेवढ्यात जवळच्या गॅरेजमधील मेकॅनिकने मीटर लावून पाहिले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.३ व्होल्ट दाखवीत होती. त्याने इंजिन फिरवून वेग वाढविला, तरी काटा वर चढला नाही. उलट थोडा खाली आला.

"ही चार्ज करीना," तो म्हणाला. "बॅटरी आसा मेरेन चलतली."

"आनी मागीर?"

"मागीर रावतली."

याहून स्पष्ट निदान कोणत्याही वैद्याने केले नसेल. गाडी ठेवून जा, उद्या दुरुस्त करून देतो, असेही तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले आणि गाडी पुढे काढली. मुलाला काहीच सांगितले नाही. दर्शनाचा दिवस, त्यात कशाला चिंता लावा, असे मी मनाशी म्हटले. मनुष्य आपल्या सोयीला दुसऱ्याबद्दलच्या प्रेमाचे नाव किती सहज देतो!

येथे यंत्राची थोडी माहिती आवश्यक आहे. इंजिनाबरोबर चुंबक फिरते, त्यामुळे शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. रेग्युलेटर नावाचा भाग ती वीज एका दिशेने वाहती करतो आणि तिला मर्यादेत ठेवून बॅटरीकडे धाडतो. गाडी निरोगी असेल तर इंजिन चालताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टांचा दाब दिसला पाहिजे. बॅटरी ही कोठी. रोज जितके बाहेर जाते तितके रोज आत येते, म्हणून ती भरलेली दिसते. मिळकत थांबली की हिशेब फार लवकर संपतो. माझ्या गाडीची बॅटरी १४ अँपिअर-तासांची होती. पुढचा दिवा एकटाच सुमारे ५ अँपिअर घेतो. त्यात मागचा दिवा आणि इंजिनाची ठिणगी यांचा खर्च मिळविला, तर पूर्ण भरलेली बॅटरीही रात्री दोन-अडीच तासांपलीकडे जाणार नाही. आणि माझी तर अर्धी रिकामी होऊन चुकली होती. पूर्वीच्या कित्येक साध्या स्कूटरी याबाबत स्वावलंबी होत्या. त्यांची ठिणगी मॅग्नेटोवर चाले, बॅटरी नसली तरी त्या धावत. आजच्या गाड्यांत पेट्रोल पुरविणारा पंपसुद्धा विजेवर चालतो. सोय वाढली, तसे साठवणीवरचे अवलंबनही वाढले.

रात्री परत निघालो तेव्हा पाऊस रिमझिमत होता. जुवारीचा पूल ओलांडला, पणजी मागे पडली. पर्वरीच्या पुढे दिवा पिवळसर होऊ लागला. म्हापसा सुटल्यावर तो इतका मंदावला की रस्त्यापेक्षा पावसाचे थेंबच अधिक दिसत. तेव्हा मला एक युक्ती सुचली. ठिणगीला वीज थोडी लागते, दिव्याला पुष्कळ. दिवा मालवला तर पेडणे गाठता येईल. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो मालविण्याची सोयच ठेवलेली नाही. माझी गाडी त्यापूर्वीची होती. मी दिवा मालवला. रस्ता पायाखालचा होता, अधूनमधून दुकानांचा उजेड होता, आणि मी स्वतःला सावध चालक समजत होतो.

कोलवाळच्या अलीकडे एक वृद्ध गृहस्थ छत्री घेऊन रस्त्याच्या कडेने चालले होते. एक डबके चुकविण्यासाठी ते पाऊलभर आत आले. त्यांच्या छत्रीची काडी माझ्या बाहीला घासून गेली. गाडी घसरली नाही, कोणाला इजा झाली नाही. त्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण पाहिले असते तरी त्यांना काळोखच दिसला असता. येणाऱ्या गाडीला दिवा असतो, या विश्वासावर ते निःशंक चालत होते.

मी गाडी थांबविली. मुलगा खाली उतरला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तुम्हांला दुपारीच माहीत होतं ना?"

त्याच्या स्वरात राग नव्हता. एका बंद दुकानाच्या ओसरीवर गाडी लावून आम्ही उरलेला मार्ग दुसऱ्याच्या वाहनाने गाठला. दोन दिवसांनी दोष सापडला. रेग्युलेटरकडे जाणाऱ्या जोडाची एक पट्टी गंजून जळाली होती. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

आता विचार करण्यासारखा मुद्दा असा. साठवणीवर चालणे हेच पाप आहे काय? नाही. कोठी असते ती अडचणीच्या दिवसासाठीच. दिवसाउजेडी, एकट्याने, जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत त्या बॅटरीवर गेलो असतो तर त्यात दोष नव्हता. किंबहुना तोच तिचा सदुपयोग झाला असता. माझा पहिला अपराध असा की मी साठवण दुरुस्तीकडे जाण्यासाठी वापरली नाही. दुरुस्ती टाळण्यासाठी वापरली. दुसरा असा की मागे बसलेल्याचा जीव त्याला न विचारता माझ्या अंदाजावर टांगला. त्याला सांगितले असते तर कदाचित तो आलाही असता; पण तेव्हा ते त्याचे धाडस झाले असते. न सांगितल्यामुळे ते माझे गृहीत झाले. मागे बसणाऱ्याला मीटर दिसत नसतो. म्हणूनच पुढे बसणाऱ्याचे ज्ञान ही त्याची खाजगी मालमत्ता राहत नाही.

तिसरा अपराध मला सर्वांत खोल वाटतो. दिवा मालवला तेव्हा मी काटकसर करीत आहे असे मला वाटले. वस्तुतः दिवा एकट्या स्वारासाठी नसतो. मला रस्ता दिसावा हे त्याचे अर्धे काम. मी दुसऱ्याला दिसावा हे उरलेले अर्धे. ते दुसरे अर्धे माझे नव्हतेच. जी वीज मी वाचविली असे मानले, ती त्या छत्रीवाल्या गृहस्थांच्या हक्काची होती. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जो घेतो आणि परत देत नाही त्याला चोर म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात लोकसंग्रहाचाही उपदेश आहे. या दोन गोष्टी एकत्र का, याचा उलगडा मला कोलवाळच्या रस्त्यावर झाला. मिळकत थांबलेला मनुष्य आधी आपले खर्च कमी करीत नाही. दुसऱ्यांसाठी जळणारा दिवा तो आधी मालवतो.

आपल्या शास्त्रात कर्माचे तीन भाग सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. बॅटरी हे संचित, चाललेला प्रवास हे प्रारब्ध, आणि फिरत्या चुंबकातून क्षणोक्षणी उत्पन्न होणारी वीज हे क्रियमाण. दृष्टान्त अगदी तंतोतंत नसेल, पण उपयोगी आहे. क्रियमाण बंद पडले तरी प्रारब्ध लगेच थांबत नाही, यातच सारी फसगत आहे. वाडवडिलांच्या सचोटीवर घराची पत टिकते, पूर्वजांच्या भक्तीवर देवळाचा उत्सव पार पडतो. महाजनांच्या यादीत आपले नाव असते आणि आपण समजतो की सर्व काही चालू आहे. चालू असतेच. ते कशावर चालू आहे, हे मात्र इंजिन फिरत असताना काटा पाहिल्यावाचून कळत नाही.

वास्कोच्या सप्ताहाकडे या दृष्टीने पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली असता तेथील लोकांनी जांबावलीच्या दामोदराला शरण जाऊन श्रीफळ आणले व अखंड भजन केले, अशी त्याची परंपरा. त्या पहिल्या भजनाची पुण्याई मोठी खरी. पण तिच्यावर पुढची वर्षे काढावीत, असे त्या लोकांनी ठरविले नाही. दरवर्षी नवे श्रीफळ ठेवले जाते आणि जुने समुद्राला अर्पण होते. दरवर्षी चोवीस तास भजन पुन्हा, आरंभापासून, जिवंत कंठांनी गावे लागते. एक मंडळी दमली की दुसरी टाळ हाती घेते. गर्भागारातील नंदादीपही असाच. तो अखंड दिसतो, कारण तेल घालणारा हात खंडत नाही.

त्या दिवशी मी भजन ऐकून परतत होतो आणि ऐकलेले मला कळले नव्हते. आता गाडी सुरू केली की मी मीटरकडे पाहतो. आणि मागे कोणी बसणार असेल तर काटा त्यालाही दाखवितो.