ऐकणे आणि ऐकून घेणे

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत; कानांनी ध्वनी ग्रहण करणे हा एक आणि दुसऱ्याचे म्हणणे मानणे हा दुसरा. त्यामुळे श्रवणशक्ती मंदावलेल्या वृद्धाविषयी ‘हे ऐकतच नाहीत’ असे घरात म्हटले जाते, तेव्हा कानाचा दोष नकळत स्वभावाच्या माथी मारला जातो.

वार्धक्यातील श्रवणऱ्हासात अंतर्कर्णातील केशपेशी, म्हणजे ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्म पेशी, झिजतात व पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम बहुधा उच्च कंप्रतेचे ध्वनी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी क्षीण व्यंजने निसटतात आणि ‘सात’ व ‘हात’ यांतला भेद संदर्भावरूनच ताडावा लागतो. ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही तक्रार म्हणूनच अक्षरशः खरी असते. डोंबिवली किंवा कल्याणच्या फलाटावर गाडीच्या खडखडाटात मिसळलेली उद्घोषणा असो, की ठाण्याच्या तलावपाळीवर चारचौघांत रंगलेल्या गप्पा असोत, अशा ठिकाणी सतत अंदाज बांधण्याने मन थकते. चुकीचे उत्तर देऊन हसे होण्यापेक्षा न जाणेच बरे वाटू लागते. घरातही ‘काय म्हणालात?’ या प्रश्नाला ‘काही नाही, जाऊ द्या’ असे उत्तर वारंवार मिळाले, की माणसांनी भरलेल्या घरात एकाकीपण येते. श्रवणऱ्हासाचा एकाकीपणाशी व नैराश्याशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. असा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, तरी दुर्लक्षाचे समर्थनही त्यातून होत नाही.

वाचनाच्या चष्म्याला मराठीने ‘चाळिशी’ हे घरगुती नाव देऊन वयाचा तो बदल सहज स्वीकारला; श्रवणयंत्राच्या वाट्याला मात्र तसा आपलेपणा आला नाही. वास्तविक वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्यरत आहे आणि राज्याच्या 2024 मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे व त्यावरील पात्र नागरिकांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी 3,000 रुपयांचे साहाय्य मिळते. ही रक्कम चांगल्या यंत्राला पुरेशी नसली, तरी गरज सार्वजनिक आहे हे तिने मान्य केले आहे.

परंतु यंत्र आवाज वाढवते, संवाद नव्हे. समोर येऊन, दूरदर्शन संच बंद करून, न कळलेले वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणे हे कुटुंबाचे काम आहे. ज्याला ऐकू येत नाही, त्याचे आधी ऐकून घेतले गेले, तरच तो पुन्हा बोलण्यात येतो.