दारे लावणारा माणूस

लंडनला माझा एक मावसभाऊ राहतो. मी त्याच्याकडे गेलो असता एका शनिवारी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने मला डॉकलँड्सच्या आगगाडीत नेले आणि पळत जाऊन अगदी पुढचे बाक पकडले. समोर मोठी काच आणि काचेपलीकडे रूळ. चालकाची खोली नाही, चालकही नाही. "काका, आता गाडी मी चालवणार," असे म्हणून तिने दोन्ही हात काचेखालच्या फळीवर ठेवले, आणि गाडी खरोखरच सुटली. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे सांगू नये, पण त्या क्षणी मलाही तिथे हात ठेवावासा वाटला.

दोन स्थानके गेल्यावर मागच्या डब्यातून एक गणवेशधारी गृहस्थ आला. वय साठीच्या आसपास. तो लोकांची तिकिटे तपासत होता. पण स्थानक आले की ते काम सोडून दारापाशी जाई, डोके बाहेर काढून फलाट दोन्ही अंगांनी न्याहाळी, मग दाराशेजारच्या पेटीवरचे बटण दाबी. दारे मिटत. पुढचे सारे, म्हणजे वेग घेणे, वळणावर तो आवरणे, नेमक्या जागी थांबणे, यंत्र आपले आपण करी. पुढचे स्थानक कोणते हे सांगणारा आवाजही मुद्रित केलेला होता.

ही रेल्वे १९८७ साली सुरू झाली आणि पहिल्यापासूनच तिच्यावर चालक नाही. दारे लावणाऱ्या या माणसाला सुरुवातीला 'ट्रेन कॅप्टन' म्हणत. पुढे त्याचा 'पॅसेंजर सर्व्हिस एजंट' झाला. कप्तानाचा एजंट होणे ही बढती की कशी, ते ज्याचे त्याने ठरवावे. लंडनच्याच व्हिक्टोरिया मार्गावर १९६८ साली आपोआप धावणारी गाडी आली, तेव्हा तिच्या तोंडाशी माणूस बसवला होता. त्याने दारे लावायची आणि दोन बटणे एकदम दाबायची, की गाडी पुढच्या स्थानकापर्यंत स्वतःच जाई. डॉकलँड्समध्ये ते बसणेही गेले. उरली ती दारे.

मला एकदम आपल्या मुंबईचा लिफ्टमन आठवला. लिफ्ट आपोआप चालू लागून किती वर्षे लोटली. तरी कितीतरी इमारतींत तो आपला स्टुलावर बसलेला असतो, आणि जे बटण आपण सहज दाबू शकतो ते आपल्यासाठी दाबतो. त्याच्याकडे पाहताना मला नेहमी थोडे संकोचल्यासारखे होते. ज्याचे काम यंत्राने नेले त्याला केवळ जागेवर ठेवणे हा त्याचा मान म्हणावा की अपमान? पोटाचा प्रश्न आहे हे खरेच, आणि दुसऱ्याच्या पोटाच्या प्रश्नावर बाकावर बसून तत्त्वज्ञान सांगू नये, हेही खरे. पण पगार चालू राहिल्याने प्रश्न संपत नाही. 'मी इथे नसतो तर काय अडले असते?' हे ज्याला रोज स्वतःला विचारावे लागते, त्याचे दुःख पगाराच्या दिवशीही शिल्लकच असते.

आयलंड गार्डन्स सोडून गाडी थेम्सच्या तळाखालच्या बोगद्यात शिरली आणि मध्येच थांबली. दिवे होते, पण गाडी हलेना. पुतणीने हात फळीवरून काढून घेतले. गाडी आता आपली नव्हे हे तिने लगेच ओळखले. तो गृहस्थ सावकाश डब्यांतून फिरला, पुढे काही मिनिटांचा खोळंबा आहे असे त्याने सांगितले, आणि आमच्यापाशी येऊन टेकला. गरज पडली तर पुढची पेटी उघडून हाताने गाडी चालवण्याचे शिक्षण त्याला दिलेले असते. "मग आता चालवा ना!" असे माझ्या पुतणीने त्याला सुनावले. तो हसला. पुढे वाट मोकळी नसेल तर चालवून काय करायचे?

इथेच 'पाहा, माणूस हवा तो यासाठी!' असे म्हणून मी लेख आवरला असता, तर तो सोपा झाला असता. पण ते खरे ठरले नसते. जपानात कोबे येथे १९८१ पासून आणि फ्रान्समधल्या लील शहरात १९८३ पासून चालकाविना गाड्या धावत आल्या आहेत. आपल्या दिल्लीच्या मेट्रोने २०२० च्या डिसेंबरात मजेंटा मार्गावर चालकाविना गाडी सुरू केली. तेव्हा सुरक्षिततेच्या आधारावर या गृहस्थाची वकिली फार काळ चालायची नाही. दुसरा आधार शोधला पाहिजे, नाहीतर मान्य केले पाहिजे की आपल्याला त्याच्याविषयी वाटते ती केवळ जुन्याची हळहळ आहे.

त्या थांबलेल्या गाडीत तो गृहस्थ बोलू लागला तो रेडिओविषयी. निमित्त माझे, मी वेळ घालवायला विचारले की दिवसभर तोच मुद्रित आवाज ऐकून कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, लहानपणी रात्री उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून रेडिओ लक्झेंबर्ग ऐकत असे. लाट यावी तसा आवाज येई आणि ओसरून जाई, आणि गाण्याचा शेवट बुडाला तरी चाले, पण निवेदकाचे बोलणे बुडाले तर जिवाची तगमग होई. थोरला भाऊ त्याला कॅरोलाइनच्या गोष्टी सांगे. १९६४ साली समुद्रात जहाज उभे करून तिथून गाणी लावणारे ते नभोवाणी केंद्र! सरकारने १९६७ च्या ऑगस्टात कायदा करून अशा जहाजांची नाकेबंदी केली, आणि लगेच सप्टेंबरअखेर बीबीसीने स्वतःच तसला कार्यक्रम 'रेडिओ वन' या नावाने सुरू केला.

हे ऐकताना मला घरची आठवण न होती तरच नवल. आमच्याकडेही १९५२ साली बा. वि. केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, श्रोते सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. सिलोनची बिनाका गीतमाला आणि अमीन सयानी हा माझ्या वडिलांच्या तारुण्याचा बुधवार होता. रात्री आठ वाजता कोपऱ्यावरच्या हॉटेलापुढे रस्त्यातच माणसे थबकत, असे ते सांगत. मी ऐकली ती विविध भारतीवरची तिची उतरती वर्षे. वडील म्हणायचे, "तो आपल्याशी बोलतोय असे वाटायचे." आणि खरी हकीकत अशी, की तो कार्यक्रम मुंबईत मुद्रित होऊन फिती कोलंबोला जात. ज्याला वडील या क्षणीचा सोबती समजत, तो आवाज आधीच बोलून मोकळा झालेला होता!

याहून एक चमत्कारिक गोष्ट आहे. बीबीसीवर त्या काळी तबकड्या वाजवण्याच्या तासांवर मर्यादा होती. तिला 'नीडल टाइम' म्हणत. ध्वनिमुद्रिका कंपन्यांबरोबर वादकांच्या संघटनेचाही तिच्यामागे जोर होता. कारण उघड आहे. तबकडी वाजली की वादक घरी बसतो. म्हणजे ज्या रेडिओच्या आठवणीने तो गृहस्थ आणि माझे वडील हळवे होत, तो रेडिओ हेच मुळी माणसाला हटवणारे यंत्र होते. स्टुडिओतल्या वाद्यवृंदाच्या जागी तबकडी आली आणि तिच्याजवळ एक माणूस उरला. ना तो गात होता, ना वाजवत होता. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत तो बोलत होता. गाडी न चालवणाऱ्या कप्तानासारखाच तो! आणि लोकांनी जीव लावला तो त्याला. पोटावर पाय आलेल्या सारंगीवाल्याला हे ऐकून काय वाटले असते, याचा विचार मी अजून पुरता करू शकलेलो नाही.

तेव्हा मधल्या जागेतल्या माणसात असे असते तरी काय? मी तेवढ्यापुरते असे ठरवले, की पुढचे गाणे कोणते हे तो ठरवतो, आणि फितीवरचा असला तरी त्याने ते कुणाला तरी डोळ्यांसमोर आणून ठरवलेले असते. दारे लावणाराही तसेच ठरवतो. मडशूटला मी पाहिले होते: एक म्हातारी काठी टेकत जिन्यावरून येत होती, तिच्यासाठी त्याने दार धरून ठेवले. पण क्रॉसहार्बरला दोन पोरे धावत येताना त्याला दिसली होती, आणि त्याने दारे लावली. पोरे काचेवर थापा मारत राहिली. हा न्याय झाला काय? यंत्राने दोघांनाही सारखेच वागवले असते. माणूस ठेवला की त्याचा पक्षपातही ठेवावा लागतो. जुन्याचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

मला हे टोचले याला कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या वेळी वर्गाचे दार लावण्याचे काम माझ्याकडे होते. घंटा झाली. नववीतला एक मुलगा मैदानाच्या टोकाशी धावत येताना मला दिसला. उशिरा येण्याची त्याला खोड होती. एकदा धडा मिळू दे, असे माझ्या मनात आले आणि मी दार लावले. नियम माझ्या बाजूला होता. मुलगा त्या विषयात गेला, वर्ष गेले, आणि पुढे तो शाळेत आलाच नाही. जूनमध्ये त्याची आई आली. ती भांडायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले, "गुरुजी, पोरगं तुमाला दिसलं न्हवतं का?"

'नाही' म्हणता आले असते. यंत्राला विचारले असते तर त्याने तेच सांगितले असते, आणि ते खरेही ठरले असते. मी म्हणालो, "दिसला होता." ती बाई थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मंग ठीक हाय," आणि गेली. ती तसे का म्हणाली, याचा उलगडा मला कित्येक वर्षे झाला नव्हता, आणि आता झाला आहे असेही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आपला पोरगा कुणाच्या तरी नजरेत होता, कुणीतरी त्याला पाहून चूक केली आणि ती चूक कबूल करायला समोर उभा राहिला, एवढे तरी तिला माझ्याकडून मिळाले असेल काय? की मीच माझे समाधान करून घेत आहे?

गाडी हलली. पुतणीने पुन्हा फळीवर हात ठेवले. ग्रीनिचला आम्ही उतरलो तेव्हा मला वाटले, त्या गृहस्थाला क्रॉसहार्बरच्या पोरांविषयी विचारावे. पण तो आधीच दारात उभा राहून फलाटाकडे पाहत होता. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जिन्याकडून पावले वाजत होती. त्याने बटणावर बोट ठेवले होते, पण दाबले नव्हते.